फोटोंवरून वस्तू कुठल्याही कोनातून दाखवायची कशी: गॉसियन स्प्लॅटिंग पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

एखाद्या वस्तूचे शंभर-सव्वाशे फोटो काढायचे आणि मग ती वस्तू स्क्रीनवर अशा कोनातून बघायची जिथे आपण फोटो काढताना उभेच नव्हतो, एवढंच हे काम. ऐकायला सोपं वाटतं, आणि आता खरंच बऱ्यापैकी सोपं झालंय, पण नेटवरचे बहुतेक व्हिडिओ थेट सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्यापासून सुरू होतात आणि फोटो कसे काढायचे ते दोन वाक्यांत उरकतात. उलटं पाहिजे. निकाल चांगला येणार की भुताटकी दिसणार हे बरंचसं फोटो काढतानाच ठरतं, नंतर कितीही महागडं ग्राफिक्स कार्ड लावा. म्हणून या लेखात फोटोंवर जास्त वेळ घालवलाय आणि सॉफ्टवेअरवर कमी.

थोडी पार्श्वभूमी, नको असेल तर पुढच्या भागावर जा. फोटोंमधून नवे कोन तयार करायची कल्पना जुनी आहे, १९९६ साली स्टॅनफर्डच्या लेव्हॉय आणि हॅनराहन यांनी लाइट फील्डची पद्धत मांडली, पण त्याला फोटो खूप आणि अगदी जवळजवळ घेतलेले लागायचे. मग २०२० मध्ये नर्फ आलं, त्यात एक न्यूरल नेटवर्क फोटोंवरून शिकायचं की अवकाशात कुठल्या बिंदूला कुठला रंग आणि किती दाटपणा आहे. दिसायला अफाट, पण मूळ पद्धतीत एका सीनला चांगल्या जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्स कार्डावर) एक-दोन दिवस जायचे. २०२२ मध्ये एनव्हीडियाच्या लोकांनी तेच काम मिनिटांवर आणलं. आणि २०२३ मध्ये फ्रान्सच्या इन्रिया आणि जर्मनीच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटच्या लोकांनी थ्रीडी गॉसियन स्प्लॅटिंग काढलं, ज्यात न्यूरल नेटवर्क नाहीच. रंगीत कापसाचे लाखो अर्धपारदर्शक बोळे हवेत ठेवलेत असं समजा, प्रत्येकाची जागा, आकार, कल, पारदर्शकपणा आणि रंग वेगळा, आणि सगळे मिळून वस्तू दिसते. हे इतकं वेगात रेंडर होतं, म्हणजे त्याचं चित्र तयार होतं, की ब्राउझरमध्ये माऊसने फिरवता येतं. आपण हेच करणार आहोत.

आधी जमवून ठेवा

- फोन चालतो, डीएसएलआर पाहिजेच असं नाही. फक्त त्यात एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येतो ते, लॉक करता आलं पाहिजे.
- गोधडी, किंवा वेगवेगळ्या दिवसांचे वर्तमानपत्राचे कागद. कशाला ते पुढे कळेल.
- एक चौरंग किंवा स्टूल.
- स्टीलची फूटपट्टी.
- डेटा केबल.
- कॉम्प्युटर. एनव्हीडियाचं कार्ड असेल तर सगळी दारं उघडी, आठ जीबी मेमरीचं असलं तरी सुरुवात होते. मॅक किंवा एएमडीचं कार्ड असेल तरी मार्ग आहे. काहीच नसेल तर फोनवरच करता येतं.
- डिस्कवर वीसेक जीबी मोकळी जागा.

१. पहिली वस्तू नीट निवडा

पहिल्याच दिवशी देवघरातली पितळी समई घेऊन बसू नका, प्लीज. प्रत्येकाला तीच घ्यावीशी वाटते कारण ती सुंदर दिसते, आणि प्रत्येकाचा विरस होतो.

मी सांगेन घरात किंवा गावी जुनं जातं असेल तर ते घ्या. काळा दगड, चमक नाही, कडेने टाकीचे घाव, एखादी कड फुटलेली, वर लाकडी खुंटा आणि तोंडाभोवती दाणे ओतून ओतून झालेला गुळगुळीतपणा. सॉफ्टवेअरला हेच पाहिजे असतं. ते प्रत्येक फोटोत हजारो लहान लहान खुणा शोधतं, एखादा घाव, एखादा ठिपका, आणि मग तीच खूण दुसऱ्या फोटोत कुठे आहे ते बघतं. खुणा जितक्या जास्त आणि एकमेकींपासून वेगळ्या तितकं काम सोपं. जातं नसेल तर वापरलेली कोल्हापुरी चप्पल, मातीचं मडकं ज्यावर काळे डाग पडलेत, नारळ न सोललेला, विणलेली टोपली, असलं काहीही.

त्रास देणाऱ्या वस्तू: एकरंगी पांढरा कप, कारण त्यावर खुणाच नाहीत. काचेची बरणी, कारण दिसतं ते मागचं. स्टीलचा डबा, कारण त्यावरचं प्रतिबिंब आपण हललो की हलतं आणि सॉफ्टवेअर समजतं वस्तूवरची खूणच हलली. तुळशीचं रोप, कारण दोन फोटोंच्या मध्ये पानं हलतात.

समई करायचीच असेल तर एक युक्ती आहे. कॅमेरा कुठे होता हे वस्तूवरूनच कळलं पाहिजे असं नाही, ते आजूबाजूच्या गोष्टींवरूनही कळतं. खाली गोधडी घाला, भोवती दोन-चार खरखरीत वस्तू ठेवा, मग समईने खुणा नाही दिल्या तरी गोधडी देते. स्क्रीनवरची वस्तू ज्या अर्धपारदर्शक बोळ्यांची बनते त्यांचा रंग बघायच्या दिशेनुसार थोडा बदलू शकतो, त्यामुळे पितळेची मंद चमक बऱ्यापैकी येते. एकदम आरशासारखा घासलेला भाग असेल तर मात्र पृष्ठभागाच्या मागे खोलात एक खोटी खोली तयार होते, तिथे काही करता येत नाही. समई घासायच्या आधी फोटो काढा, हा माझा प्रामाणिक सल्ला आहे.

२. जागा आणि उजेड

ढगाळ दिवस सर्वात उत्तम, पावसाळ्यात मध्येच जी उघडीप मिळते तशी. ऊन नको. पूर्ण सेट काढायला अर्धा तास सहज जातो, तेवढ्यात सावली सरकते, आणि पहिल्या फोटोतली सावली आणि शेवटच्या फोटोतली सावली जुळली नाही की सॉफ्टवेअर दोन्ही खरं मानायचा प्रयत्न करतं आणि मधेच करडा डाग पडतो. तुमची स्वतःची सावलीही वस्तूवर पडता कामा नये, ती तर तुमच्याबरोबर फिरते.

घरात काढणार असाल तर पंखा बंद. गोधडीचं टोक किंवा कागद फडफडला तरी फरक पडतो. आणि ट्यूबलाइट किंवा स्वस्तातले एलईडी असतील तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो, आणि शटर भलतंच ठेवलं की फोटोवर आडवे पट्टे येतात. हातात फोन धरून काढायचं तर १/१०० बरं.

वस्तू खोलीच्या मधोमध ठेवा, भिंतीला टेकवून नको, चहूबाजूंनी फिरता आलं पाहिजे. चौरंगावर ठेवलीत तर खालचा कोनही मिळतो, नाहीतर जमिनीवर लोळावं लागतं. जातं उचलायला दोघं लागतील, एकट्याने कंबर मोडून घेऊ नका.

आता गोधडीचं. वस्तूखाली नुसती फरशी असेल तर घात होतो. सगळ्या फरश्या सारख्या, त्यामुळे सॉफ्टवेअर या फरशीला ती फरशी समजतं आणि कॅमेरे भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवतं. गोधडीत प्रत्येक ठिगळ वेगळं असतं म्हणून ती उत्तम. वर्तमानपत्र वापरलं तर एकाच अंकाच्या दोन प्रती नकोत, त्याच कारणाने. गोधडीशेजारी फूटपट्टी ठेवून द्या, तिचं काम शेवटी.

आणि फिरतं टेबल वापरू नका, निदान सुरुवातीला तरी. कॅमेरा एका जागी ठेवून वस्तू फिरवायची कल्पना आकर्षक वाटते, पण वस्तू फिरते आणि मागची भिंत फिरत नाही, मग सॉफ्टवेअरला दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्यासारखं होतं आणि ते बहुतेक वेळा भिंतीवर विश्वास ठेवतं. प्रत्येक फोटोत मागचं सगळं कापून टाकलं तर जमतं, पण ते नंतर. वस्तू स्थिर, आपण फिरायचं.

३. कॅमेऱ्याची सेटिंग

फोनचा कॅमेरा तुमच्या भल्यासाठी म्हणून प्रत्येक फोटोत काहीतरी बदलत असतो आणि आपल्याला नेमकं तेच नकोय. सगळे फोटो जणू एकाच क्षणी काढलेत असे दिसले पाहिजेत.

प्रो मोडमध्ये जा. एक्स्पोजर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (रंगांची पिवळी-निळी झाक) सगळं एकदा ठरवून कुलूप. आयएसओ जमेल तितका कमी. आयफोनवर साध्या कॅमेऱ्यात वस्तूवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक होतात, तेवढ्यावर काम भागतं, पण मग वस्तूपासूनचं अंतर साधारण तेवढंच ठेवा.

एचडीआर बंद, पोर्ट्रेट मोड बंद, ब्युटी-बिटी असेल तर तेही बंद. झूम करायचं नाही, जवळचं पाहिजे तर पायाने जवळ जा. आणि इथे एक छुपा सापळा आहे: नव्या फोनना तीन-तीन लेन्स असतात आणि वस्तूच्या जवळ गेलं की फोन गुपचूप दुसऱ्या लेन्सवर जातो, मॅक्रोसाठी. तुम्हाला स्क्रीनवर हलकासा झटका दिसतो, बस्स. हे ऑटो-मॅक्रो प्रकरण सेटिंगमध्ये शोधून बंद करा.

सगळे फोटो आडवे किंवा सगळे उभे. मिसळायचे नाहीत.

आयफोनवाल्यांनी फॉरमॅटमध्ये जाऊन जेपेग येईल असं करून ठेवा, नाहीतर नंतर दीडशे फोटो बदलत बसावं लागतं.

४. फोटो काढणं

हा या सगळ्यातला मुख्य भाग.

वस्तूभोवती तीन फेऱ्या मारायच्या. पहिली, कॅमेरा साधारण वस्तूच्याच उंचीवर. दुसरी, वरून तिरका, पंचेचाळीस अंशांच्या आसपास. तिसरी त्याहूनही वरून, जवळजवळ डोक्यावरून, आणि शेवटी अगदी सरळ वरून दोन-चार. प्रत्येक फेरीत दर दहा अंशांनी एक फोटो म्हणजे एका फेरीचे ३६, तीन फेऱ्यांचे १०८. दहा अंश म्हणजे वस्तूपासून एक मीटरवर उभे असाल तर साधारण सतरा सेंटिमीटर बाजूला सरकायचं, म्हणजे पाऊलभर पण नाही, त्याहून कमी. थांबा, फोटो काढा, सरका, थांबा. चालता चालता बटण दाबलं की फोटो हलतो.

लागोपाठच्या दोन फोटोंत सत्तर-ऐंशी टक्के तरी भाग सामाईक पाहिजे. खूण किमान तीन-चार फोटोंत दिसली तरच तिची जागा पक्की होते.

इथे नवीन माणूस हमखास काय करतो, तर एका जागी उभा राहून फोन डावीकडे-उजवीकडे वळवतो आणि म्हणतो भरपूर फोटो झाले. अशा फोटोंचा उपयोग शून्य. खोली कळते ती दोन वेगळ्या जागांवरून बघितल्यामुळे, आपण एक डोळा झाकून सुईत दोरा ओवायला गेलो की चुकतो त्यामागे हेच कारण आहे. मान नाही वळवायची, पाय हलवायचे.

वस्तू फ्रेमच्या अर्ध्या ते दोन तृतीयांश भागात असू दे, बाकीच्यात गोधडी आणि खोली दिसू दे. फ्रेम वस्तूने गच्च भरली तर बारकावे छान येतात पण कॅमेऱ्याची जागा शोधायला आधार कमी पडतो.

आता बारकावे. जात्याचं तोंड, खुंटा जिथे दगडात घुसतो ती जागा, वरच्या आणि खालच्या तळीमधली फट, या ठिकाणी जवळून वेगळे फोटो लागतील. पण मीटरभरावरून एकदम दहा सेंटिमीटरवर उडी मारायची नाही. मध्ये एक-दोन टप्पे घ्या, प्रत्येक टप्प्यावर थोडं डावीकडून थोडं उजवीकडून, नाहीतर जवळचा फोटो नेमका कुठला हे सॉफ्टवेअरला कळत नाही आणि ते तो टाकून देतं. फटीत आत काळोख असेल तर राहू दे काळोख, टॉर्च मारू नका, टॉर्चबरोबर सावल्या फिरतात. फ्लॅश तर नाहीच.

फेरी जिथून सुरू केली तिथे परत येऊन दोन फोटो पुढे जा. याने गोल बंद होतो. नाही केलं तर कधीकधी शेवट आणि सुरुवात जुळत नाही आणि जात्याला एका बाजूला दोन कडा दिसतात.

तळाचं काय? दिसणार नाही. वस्तू पालथी घालून परत फोटो काढले तर गोधडीच्या हिशोबाने तो वेगळाच सीन होतो. ते जोडायचे मार्ग आहेत पण पहिल्यांदा नको.

व्हिडिओ काढून त्यातून फ्रेम काढल्या तर चालेल का, हा प्रश्न सगळे विचारतात. चालतं. फोर-केमध्ये, अगदी हळू चालत, आणि मग एफएफएमपेग हे व्हिडिओचं फुकट साधन वापरून सेकंदाला दोन-तीन फ्रेम काढायच्या. पण व्हिडिओची फ्रेम फोटोइतकी स्वच्छ नसते आणि हलल्याचा धूसरपणा जास्त असतो. मंदिरातल्या दीपमाळेसारखं मोठं काही असेल जिथे थांबून थांबून फोटो काढणं जमत नाही तिथे व्हिडिओ, घरातल्या वस्तूला फोटोच.

आणि बाहेर जाऊन काढणार असाल, म्युझियम, किल्ला, देऊळ, तर आधी विचारा. ट्रायपॉड लावायला बऱ्याच ठिकाणी वेगळी परवानगी लागते.

५. कॉम्प्युटरवर घ्या आणि निवडा

केबलने घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवायचे नाहीत, तो फोटो दाबून लहान करतो आणि फोटोत लपलेली लेन्सची माहितीही काढून टाकतो, जी पुढच्या पायरीला उपयोगी असते. कातरायचे नाहीत, फिल्टर नाही, उजळवायचे नाहीत. करायचंच असेल तर सगळ्यांना एकसारखं.

प्रत्येक फोटो पूर्ण मोठा करून बघा. हललेला, फोकस चुकलेला काढून टाका, एकाच धूसर फोटोमुळे त्या बाजूला धुरकटपणा येतो. पण सलग तीन-चार उडवायची वेळ आली तर सावध, तिथे साखळी तुटते, ते परत काढावे लागतील. म्हणून हे काम गोधडी उचलायच्या आधी करा!

६. कॅमेरा कुठे कुठे होता ते शोधणं

सॉफ्टवेअरला फक्त फोटो दिलेत, तुम्ही कुठे उभे होतात हे त्याला माहीत नाही. ते शोधायचं जुनं जाणतं फुकट साधन म्हणजे कोलमॅप, २०१६ पासून लोक वापरतायत. विंडोजसाठी तयार मिळतं, झिप उघडली की चालू.

काम तीन टप्प्यांत चालतं: खुणा शोधणं, खुणा जुळवणं, आणि त्यावरून कॅमेऱ्यांच्या जागा बांधणं. खुणा शोधताना सगळे फोटो एकाच कॅमेऱ्याचे आहेत अशी एक चौकट असते ती टिक करा. जुळवताना दोन पर्याय लक्षात ठेवा. एक्झॉस्टिव्ह म्हणजे प्रत्येक फोटो प्रत्येकाशी, १५० फोटोंच्या ११,१७५ जोड्या होतात, कार्ड असेल तर चहा होईपर्यंत उरकतं. सिक्वेन्शियल म्हणजे फक्त शेजारच्यांशी, ते व्हिडिओसाठी. आपल्याला एक्झॉस्टिव्ह.

मग स्क्रीनवर ठिपक्यांचा ढग आणि लाल रंगाचे छोटे कॅमेरे दिसायला लागतात, आणि खरं सांगायचं तर या सगळ्यात मला सर्वात जास्त मजा इथे येते, कारण तुम्ही जसे फिरलात तसाच तीन मजल्यांचा गोल समोर उभा राहतो. तो नीट निरखून बघा:

तीन गोल पूर्ण दिसतायत का? एखादा कॅमेरा गोल सोडून लांब भरकटलाय का? दीडशेपैकी किती फोटो बसले? पाच-सात सुटले तर हरकत नाही. निम्मेच बसले तर पुढे जाऊ नका, पुढची पायरी ही चूक दुरुस्त करत नाही, लपवतही नाही. कोलमॅप सरासरी रिप्रोजेक्शन एरर सांगतं, म्हणजे हिशोबाने खूण जिथे यायला हवी आणि फोटोत जिथे आहे त्यातला फरक, तो एका पिक्सेलच्या आत असावा.

एकाऐवजी दोन मॉडेल तयार झाली तर समजायचं साखळी मध्येच तुटलीय, बहुतेक पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मधे. उपाय म्हणजे त्या दोन उंचींच्या मधले दहाबारा फोटो काढून भर घालणं. सेटिंग बदलत रात्र काढण्यापेक्षा ते लवकर होतं.

७. ट्रेनिंग

तुमच्याकडे काय आहे त्यावर रस्ता ठरतो.

*फक्त फोन असेल तर* स्कॅनिव्हर्स किंवा पॉलिकॅम ही अ‍ॅप. स्कॅनिव्हर्स तर स्प्लॅट, म्हणजे बोळ्यांची तयार वस्तू, फोनवरच तयार करतं. सेटिंग बदलायला फारसा वाव नाही, पण चौथ्या पायरीचा सराव करायला उत्तम, फिरण्याची चूक लगेच कळते.

*एनव्हीडियाचं कार्ड असेल तर* नर्फस्टुडिओ हे फुकट सॉफ्टवेअर आणि त्यातली स्प्लॅटफॅक्टो ही स्प्लॅटिंगची पद्धत. इन्स्टॉल करताना कुडा, पायथन आणि पायटॉर्च या त्याला लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या एकमेकांशी जुळल्या नाहीत की डोकं फिरतं, तेव्हा त्यांच्या पानावर जी आवृत्ती लिहिलीय तीच घ्या, सर्वात नवीन घ्यायचा मोह टाळा. हे टर्मिनलमध्ये कमांड टाइप करायचं प्रकरण नको असेल तर विंडोजवर पोस्टशॉट आहे, फोटो ओढून टाकले की सहावी पायरीसुद्धा तेच करतं, फक्त कुठल्या प्लॅनमध्ये काय मिळतं ते आधी बघून घ्या.

*मॅक किंवा एएमडी असेल तर* ब्रश नावाचं सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि कोलमॅपचा फोल्डर सरळ घेतं.

*कॉम्प्युटरच साधा असेल तर* गुगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमधून गुगलच्या कॉम्प्युटरवर, थोडा वेळ फुकट जीपीयू मिळतो, पण मध्येच कनेक्शन तुटू शकतं, मधले निकाल ड्राइव्हवर साठवत राहा.

इन्रियाचा मूळ कोडही खुला आहे, पण दोन गोष्टी. एक, त्याचा परवाना संशोधनापुरता आहे, दुकानाच्या कॅटलॉगसाठी किंवा क्लायंटच्या कामासाठी तो चालणार नाही, त्यासाठी जीस्प्लॅट या दुसऱ्या खुल्या कोडवर आधारलेलं काहीतरी (स्प्लॅटफॅक्टो त्यातलंच) घ्या, त्याचा परवाना मोकळा आहे. दोन, त्यांच्या शोधनिबंधातल्यासारखा दर्जा पाहिजे तर ते २४ जीबी मेमरीचं कार्ड सुचवतात. घाबरू नका, ते मोठ्या सीनसाठी, एका जात्याला एवढं लागत नाही.

बटण दाबल्यावर आत काय चालतं? कोलमॅपच्या ठिपक्यांच्या जागी बोळे ठेवले जातात, मग एका खऱ्या कॅमेऱ्याच्या जागेवरून ते कसे दिसतात ते रंगवलं जातं, खऱ्या फोटोशी ताडून बघितलं जातं, आणि फरक कमी होईल असा प्रत्येक बोळा जरासा हलवला, फुगवला, रंगवला जातो. जिथे बारकावा कमी पडतो तिथे बोळ्याचे दोन होतात, जे निरुपयोगी ते उडवले जातात. असं साधारण ३०,००० वेळा. यातून हेही लक्षात येईल की ज्या बाजूचा फोटोच नाही तिथे बोळ्यांना कोणी चूक दाखवत नाही, मग ते तिथे मनाला येईल तसे पसरतात.

७,००० पर्यंत आलं की थांबून बघा. तेवढ्यात वस्तू ओळखू आली पाहिजे. तेव्हाही सगळं धुकंच असेल तर ३०,००० ची वाट बघण्यात अर्थ नाही, मागे जा. मेमरी संपल्याची एरर आली तर फोटोंची रुंदी १,६०० पिक्सेलपर्यंत खाली आणा, इन्रियाचा कोडसुद्धा मोठे फोटो आपोआप तेवढ्यावर आणतो.

८. निकाल कसा तपासायचा

रिवाज असा की दर आठवा फोटो ट्रेनिंगमधून बाजूला ठेवायचा आणि नंतर त्याच जागेवरून रेंडर करून ताडून बघायचं. ज्या फोटोंवर शिकवलं त्यांच्यावरच परीक्षा घेतली तर सगळेच पास होतात. पीएसएनआर नावाचा आकडा मिळेल, डेसिबलमध्ये, जितका जास्त तितकं चांगलं. पण त्या आकड्याच्या फार मागे लागू नका, रिकाम्या भिंतीमुळेही तो वाढतो.

डोळ्यांनी बघा. काय दिसलं तर काय बिघडलंय याचा माझा ठोकताळा असा:

- वस्तूभोवती हवेत तरंगणारे धुराचे तुकडे: एक्स्पोजर लॉक नव्हतं, किंवा त्या बाजूने फोटो कमी.
- दुहेरी कड: कॅमेऱ्याच्या जागा चुकल्यात, सहावी पायरी परत.
- जवळ गेल्यावर सुईसारखे लांब रेषाळ बोळे: तितक्या जवळून फोटोच काढलेला नाही.
- खालच्या बाजूला मेणासारखं वितळलेलं: पहिली फेरी पुरेशी खालून झाली नाही.
- रंग कोनाबरोबर उगाच बदलतो: व्हाइट बॅलन्स मोकळा राहिला.

९. साफसफाई आणि फाइल

ट्रेनिंगमधून तयार झालेली पीएलवाय फाइल (बोळे याच फॉरमॅटमध्ये साठवतात) सुपरस्प्लॅट या एडिटरमध्ये उघडा, ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल करायचं नाही. गोधडी, चौरंग, मागची खोली निवडून उडवा. गोधडी वस्तूला जिथे टेकते तिथे सावकाश, तिथले बोळे अर्धे दगडाचे अर्धे कापडाचे असतात. वस्तू बहुतेक तिरकी आलेली असते, तिला सरळ करा आणि मध्यबिंदूवर आणा नाहीतर फिरवताना ती गरगर लांब पळते.

फाइलचा आकार बघून दचकू नका. प्रत्येक बोळ्यामागे ६२ आकडे साठवतात, म्हणजे २४८ बाइट, दहा लाख बोळे झाले की २४८ एमबी. मामेभावाला फोनवर दाखवायचं तर हे फारच जड. साफ केल्यावर निम्म्याहून जास्त बोळे गेलेले असतात, उरलेल्याला कॉम्प्रेस्ड पीएलवाय किंवा एसपीझेड म्हणून सेव्ह करा, एसपीझेडमध्ये साधारण दहावा हिस्सा राहतो.

१०. रेंडर, आणि काय होणार नाही ते

व्हिडिओ करायचा असेल तर कॅमेऱ्याचा मार्ग आखा, पण तुमच्या तीन फेऱ्यांच्या आसपासच ठेवा. दोन फेऱ्यांच्या मधून गेलात तर उत्तम दिसतं, खालून घुसलात तर पोल उघडी पडते.

माप आपोआप खरं येत नाही. फोटोंवरून फक्त प्रमाण कळतं, जातं वीतभर आहे की हातभर हे कळत नाही, म्हणून ती फूटपट्टी. तिच्यावरच्या तीस सेंटिमीटरवरून पूर्ण सीन मोठा-लहान करून घ्या आणि मगच ती उडवा.

उजेड फोटोतला तोच राहतो, नंतर संध्याकाळचा पिवळा प्रकाश टाकू म्हटलं तर साध्या स्प्लॅटमध्ये जमत नाही. थ्रीडी प्रिंट काढायची असेल तर स्प्लॅट कामाचं नाही, त्याला पक्का पृष्ठभाग लागतो. मग तेच फोटो रिअ‍ॅलिटीस्कॅन किंवा मेशरूम या तसा पृष्ठभाग बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, फोटो परत काढायची गरज नाही.

फोटो कुठल्याही वेबसाइटवर अपलोड करून स्प्लॅट बनवून घेणार असाल तर फुकट खात्यात तुमचा सीन सगळ्यांना दिसतो का ते आधी बघा, मागे घरातलं कपाट आणि भिंतीवरचे फोटोही त्यात येतात.

शेवटचं, मूळ फोटो आणि कोलमॅपचा फोल्डर जागा भरली म्हणून डिलीट करू नका. स्प्लॅट परत बनवता येतो, आणि २०२० च्या नर्फसाठी काढलेले फोटो लोक आज नव्या पद्धतीत घालून जास्त चांगला निकाल काढतायत. फोल्डरच्या नावात वस्तू, तारीख आणि फोन कुठला एवढं लिहून ठेवा, आणि शक्यतो दुसऱ्या डिस्कवर एक कॉपी.